मुंबईत भाड्याची खोली

मुंबईस काम मिळते पण जागा मिळत नाही, हे बोलणे बेळगावात, सावंतवाडीत आणि गोव्यात आजोबांनी नातवाला ऐकवावे इतके जुने झाले आहे. मुंबईस निघालेल्या माणसाला घरची वडीलधारी मंडळी पहिला प्रश्न विचारीत, तो पगाराचा नसे. "उतरणार कोणाकडे?" असे ते विचारीत. हा प्रश्न आजही विचारला जातो, आणि त्याचे उत्तर पूर्वीपेक्षा अवघड होऊन बसले आहे.

उदाहरणादाखल खानापूरकडील एखादे कुटुंब डोळ्यांपुढे आणावे. नवरा एका इमारतीवर पहारेकरी आहे, बायको चार घरी स्वयंपाक करते, एक मूल शाळेत जाते आणि दुसरे अजून कडेवर आहे. दोघांची मिळून प्राप्ती महिना पंचवीस हजार धरावी. कामाच्या ठिकाणापासून पायी जाता येईल अशा वस्तीत दहा फूट लांब, दहा फूट रुंद खोलीला आठ-नऊ हजार भाडे पडते असे समजू. अनामत म्हणून पाच-सहा महिन्यांचे भाडे आधीच ठेवावे लागते आणि दलालाला एका महिन्याचे भाडे वेगळे द्यावे लागते. म्हणजे खोलीत पहिली चूल पेटण्यापूर्वीच पन्नास-साठ हजार रुपये हाती पाहिजेत. ते गावाकडील जमिनीवर किंवा बायकोच्या अंगावरील सोन्यावर उभे राहतात. दूर विरारला अथवा दिव्यापलीकडे खोली स्वस्त मिळते हे खरे. पण सकाळी सात वाजता दुसऱ्याच्या घरी पोळ्या लाटावयास उभे राहावयाचे असेल, तर चार वाजता उठून लोकलची गर्दी गाठावी लागते, आणि कडेवरचे मूल कोणाच्या हवाली करावयाचे हा प्रश्न उरतोच. स्वस्त भाड्यात वाचलेला पैसा अशा रीतीने प्रवासात आणि झोपेत खर्च होतो.

या कुटुंबाला घर विकत घ्यावयाचे नाही. ते घेण्याची त्याची ऐपत नाही, आणि कदाचित इच्छाही नसेल. गावी त्याचे घर आहेच. त्याला हवी आहे भाड्याची एक खोली, जिचे भाडे पगारातून देता येईल आणि जिच्यातून वर्षाच्या आत कोणी उठवणार नाही. गरिबांच्या घरांविषयी अलीकडे जे काही बोलले व केले जाते ते जवळजवळ सारे मालकीच्या घरांविषयी असते. या साध्या खोलीचा विचार त्यात हरवून गेला आहे. तो कसा हरवला हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

सरकार किंवा नगरपालिका यांनी काही करण्याच्या आधी, आणि पुढेही, गरीब माणसाने आपली सोय आपणच लावली होती. गिरणगावात कोकणातील किंवा घाटावरील एखाद्या गावचे पुरुष मिळून एक खोली घेत. भाडे सर्वांत वाटले जाई. दिवसपाळीचे रात्री निजत आणि रातपाळीचे दिवसा. वळकट्या बदलत, जागा तीच राही. प्रत्येकाची एक ट्रंक भिंतीशी असे आणि जेवण खाणावळीत होई. आवणीसाठी कोणी गावी गेला तरी त्याचा हक्क सुटत नसे. गोव्याच्या ख्रिस्ती मंडळींनी हीच कल्पना अधिक पक्क्या पायावर उभी केली. तिला 'कूड' म्हणत. धोबी तलाव, गिरगाव, माझगाव या भागांत एकेका गोवेकर गावाच्या नावाची कूड असे. जहाजावर काम करणारे खलाशी दोन सफरींच्या मधल्या काळात, आणि नोकरीच्या शोधात नव्याने आलेले तरुण पहिले काही महिने, तेथे अगदी अल्प वर्गणीत राहत. पेटी ठेवण्यास हातभर जागा, निजण्यास जमिनीवर चटई, भिंतीशी गावच्या संताची वेदी आणि संध्याकाळी सर्वांनी मिळून म्हणावयाचा रोजार, एवढा तेथील संसार. नियम कडक असत. वर्गणी थकवणाऱ्याची आणि दारू पिऊन येणाऱ्याची गावकीपुढे सुनावणी होई. यांतील काही कुडी आजही चालू आहेत.

या व्यवस्थेत एक गोष्ट फार मोलाची होती. नव्याने येणाऱ्याकडे अनामत मागितली जात नसे; गावचा माणूस ही ओळखच त्याची अनामत. पण तिची मर्यादाही स्पष्ट होती. ती एकट्या पुरुषाची सोय होती. बायको-मुलांना घेऊन यावयाचे म्हटले की गावकीची खोली आणि कूड दोन्ही कामाची नसत. जातीबाहेरच्या, गावाबाहेरच्या माणसाला तर तेथे पाऊल ठेवता येत नसे. अशा एकोप्याचे कौतुक करताना ही दुसरी बाजू विसरू नये.

कुटुंबांच्या खोलीचा प्रश्न सरकारने हाती घेतला तो दयेपोटी नव्हे, भीतीपोटी. १८९६ साली मुंबईत प्लेग शिरला. मांडवीपासून तो पसरत गेला, माणसे शहर सोडून पळू लागली, गिरण्या ओस पडण्याची वेळ आली. तेव्हा कोंदट, अंधाऱ्या चाळी हे श्रीमंतांच्याही जिवावरचे संकट आहे हे शहराच्या कारभाऱ्यांना उमगले. १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. या ट्रस्टने रुंद रस्ते काढले, दाट वस्त्या पाडल्या, आणि उठवलेल्या काही लोकांसाठी आग्रीपाडा, मांडवी-कोळीवाडा, चंदनवाडी इत्यादी ठिकाणी चाळी बांधल्या. त्याच 'बी. आय. टी.' चाळी. परळच्या अशाच एका चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आयुष्याची अनेक वर्षे काढली. पण पाडलेल्या खोल्या अधिक आणि बांधलेल्या कमी, असा या ट्रस्टवर त्या काळीच आक्षेप होता, आणि तो खोटा नव्हता.

पहिल्या महायुद्धानंतर गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनी अधिक मोठी झेप घेतली. १९२० मध्ये डेव्हलपमेंट डिपार्टमेंट सुरू झाले आणि कामगारांसाठी पन्नास हजार खोल्या बांधण्याचा बेत आखला गेला. खर्चाचा एक वाटा म्हणून शहरात येणाऱ्या कापसाच्या दर गाठीमागे एक रुपया कर बसवण्यात आला. ज्या कापसावर गिरण्या चालत त्या कापसानेच गिरणीकामगाराच्या खोलीला हातभार लावावयाचा, ही कल्पना आजही विचार करण्याजोगी आहे. वरळीस १२१, नायगावला ४२, डिलाईल रोडवर ३२ आणि शिवडीस १२, अशा एकूण २०७ चाळी उभ्या राहिल्या. प्रत्येक चाळीत चार मजल्यांवर मिळून ऐंशी खोल्या, मधून लांब बोळ, टोकाला सामाईक संडास, आणि खोली सुमारे १६० चौरस फुटांची. म्हणजे पन्नास हजारांच्या बेतापैकी साडेसोळा हजारांच्या आसपास खोल्या झाल्या आणि काम थांबले.

आणि मग विलक्षण गोष्ट घडली. एका खोलीत दहा-दहा माणसे राहत असलेल्या या शहरात सरकारने बांधलेल्या खोल्या वर्षानुवर्षे रिकाम्या पडून राहिल्या! विशेषतः वरळीच्या. बांधकामाचा खर्च इतका वाढला होता की सरकारने तोटा सोसून ठरवलेले भाडेही गिरणीकामगाराच्या पगाराला पेलत नव्हते, आणि वरळी त्या काळी गिरण्यांपासून दूर, आडबाजूस होती. १९३० च्या सविनय कायदेभंगाच्या चळवळीत सत्याग्रही पकडले गेले तेव्हा त्यांतील पुष्कळांना ठेवण्यासाठी वरळीच्या या चाळींचाच तुरुंग करण्यात आला. ज्याच्यासाठी खोली बांधली त्याची मिळकत किती आणि त्याचे काम कोठे, या दोन गोष्टी न पाहता घरे बांधली तर काय होते, याचे याहून बोलके उदाहरण शोधावे लागणार नाही.

याच दशकात युरोपातील व्हिएन्ना शहर असाच प्रयत्न करीत होते. महायुद्धात हरलेले आणि कफल्लक झालेले ते शहर. त्याच्या नगरपालिकेने १९२३ साली घरांवर एक कर बसवला. साध्या घराला नाममात्र आणि ऐषारामी हवेलीला जबर. त्या उत्पन्नातून १९३४ पर्यंत सुमारे साठ हजार घरे बांधली गेली. बांधकामाचा खर्च करातून निघाल्यामुळे भाड्यात केवळ देखभालीचा भार टाकावा लागला आणि ते मजुराच्या आवाक्यात राहिले. शिवाय नगरपालिकेने ती घरे विकली नाहीत. आज सुमारे दोन लाख वीस हजार घरांची मालकी त्या नगरपालिकेकडे आहे, आणि एक भाडेकरू गेला की ते घर दुसऱ्या गरजूला मिळू शकते. मुंबईने कापसावरचा कर बसवला खरा, पण भाडे कामगाराच्या खिशापर्यंत खाली आणण्यास तो पुरला नाही.

मुंबईत यापुढचे पाऊल कायद्याने टाकले. युद्धकाळात भाडी भडकली म्हणून १९१८ मध्येच भाडेनियंत्रण आले होते. १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा त्याहून दूरगामी ठरला. सप्टेंबर १९४० मध्ये जे भाडे होते तेच प्रमाण भाडे मानून ते गोठवण्यात आले. फाळणीचे वर्ष, निर्वासितांचे लोंढे, महागाई. अशा वेळी हा कायदा आला नसता तर हजारो कुटुंबे रस्त्यावर आली असती. त्याला सरसकट दोष देणारे घरमालकांचे कैवारी ही गोष्ट सांगत नाहीत. पण तात्पुरता म्हणून केलेला हा कायदा पुनःपुन्हा मुदतवाढ मिळून पन्नास वर्षे जगला, आणि १९४० चे भाडे १९९० मध्येही तेवढेच राहिले. चाळीत आधीपासून असलेल्याला त्याने अभय दिले. बाहेर उभ्या असलेल्या नवागताला मात्र दार बंद झाले, कारण अशा भाड्यावर नवी चाळ बांधण्यास कोणी मालक तयार होईना. मालकाने दुरुस्ती सोडून दिली, भाडेकरूने खोली सोडण्याचे नाव काढले नाही, आणि दोघांच्या मध्ये 'पागडी' नावाचा व्यवहार रुजला. रीतसर भाडे पंचवीस-तीस रुपये, आणि खोली हस्तांतरित करताना टेबलाखालून हजारो, पुढे लाखो. १९९९ च्या कायद्याने ही पागडी उघडपणे घेण्यास मुभा दिली. तोवर ती गुन्हा होती आणि सर्वांना ठाऊक होती.

चाळी कोसळू लागल्या तेव्हा १९६९ साली दुरुस्ती मंडळाचा कायदा झाला. जुन्या इमारतींवर उपकर बसवून त्यांची दुरुस्ती सरकारने करावी असे ठरले. अशा इमारती एकोणीस हजारांहून अधिक निघाल्या. त्यांतील पुष्कळ आजही टेकूंवर उभ्या आहेत. १९९७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने, भाडे असे गोठवून ठेवणे आता मनमानीचे व गैरवाजवी झाले आहे, असा निर्वाळा दिला. तेव्हा कोठे नवा कायदा आला आणि दर वर्षी चार टक्के वाढ करण्याची मुभा मालकाला मिळाली.

भारतातील शहरांत १९६१ साली शंभर कुटुंबांपैकी चोपन्न भाड्याने राहत होती. २०११ पर्यंत ती अठ्ठावीसवर आली, असे केंद्र सरकारच्या २०१७-१८ च्या आर्थिक पाहणीत नमूद आहे. याच पाहणीप्रमाणे रिकामी, कुलूपबंद घरे सर्वांत अधिक मुंबईत होती. सुमारे चार लाख ऐंशी हजार. याच २०११ च्या जनगणनेत शहराची चाळीस टक्क्यांहून अधिक वस्ती झोपडपट्टीत राहताना आढळली. रिकाम्या घराचा मालक ते भाड्याने का देत नाही? एकदा आत आलेला माणूस बाहेर निघणार नाही, ही चाळींच्या काळातील भीती कायदा बदलला तरी त्याच्या मनातून गेलेली नाही. आणि मुंबईत घराची किंमत ज्या वेगाने वाढते त्यापुढे भाड्याचे उत्पन्न त्याला चिल्लर वाटते.

तेव्हा ते खानापूरचे कुटुंब कोठे जाते? ते झोपडपट्टीतच जाते, आणि तेही भाड्याने. झोपडीला भाडे नसते अशी पुष्कळांची समजूत आहे. ती चुकीची आहे. गरिबांना भाड्याने मिळणाऱ्या बहुसंख्य खोल्या आज या शहरात तेथेच आहेत. या खोल्यांच्या मागे एक चमत्कारिक अडचण उभी राहिली आहे. झोपडीच्या पुनर्वसनाच्या नियमांप्रमाणे जो प्रत्यक्ष राहतो तो पात्र. दुसरीकडे राहून नुसते भाडे गोळा करणारा पात्र नाही. नियम न्यायाचा आहे. पण खोली भाड्याने देणारा शहाणा असतो. भाडेकरूचे नाव रेशनकार्डावर, विजेच्या बिलावर, मतदारयादीत त्या पत्त्यावर चढू नये याची तो दक्षता घेतो, आणि अकरा महिने झाले की त्याला दुसऱ्या गल्लीचा रस्ता दाखवतो. भाडेकरूला घरमालक करण्यासाठी केलेल्या नियमाने त्याचे भाडेकरूपणसुद्धा काढून घेतले.

सरकारच्या हातून भाड्याच्या खोल्यांचा प्रयत्न पुन्हा झालाच नाही असे नाही. २००८ साली मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने भाड्याच्या घरांची योजना जाहीर केली. बांधकाम व्यावसायिकाला अधिक मजले चढवू द्यावयाचे, आणि त्याने त्या बदल्यात प्राधिकरणाला लहान घरे बांधून द्यावयाची. त्या घराचे माप ठरले १६० चौरस फूट. १९२० च्या वरळीच्या खोलीएवढेच! जागा मिळाल्या त्या शहराबाहेर. पुढे मापही बदलले आणि हेतूही. पनवेलजवळ कोन येथे या योजनेत बांधलेली घरे २०१६ च्या सोडतीत गिरणीकामगारांना मालकीहक्काने देण्यात आली. गिरणीकामगारांचा घरावरील हक्क कोणीही नाकारणार नाही. पण भाड्याच्या म्हणून बांधलेल्या खोल्या भाड्याच्या राहिल्या नाहीत. २०२० मध्ये टाळेबंदीत मजुरांचे तांडे मुले खांद्यावर घेऊन रस्त्याने गावी निघालेले साऱ्या देशाने पाहिले. त्यांतील कित्येकांना शहर सोडावे लागले ते काम बंद पडून भाडे देता येईना म्हणून. त्याच वर्षी केंद्र सरकारने परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची योजना आखली आणि २०२१ साली नमुना भाडेकायदा मंजूर करून राहत्या घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक असू नये असे सुचवले. तो नमुना आहे. राज्यांनी स्वीकारला तरच तो कायदा होतो.

वरळीच्या त्या चाळी आता पाडल्या जात आहेत. १४ ऑगस्ट २०२५ रोजी तेथील ५५६ कुटुंबांना पाचशे चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या देण्यात आल्या. चार पिढ्या एका खोलीत काढलेल्या माणसांना स्वतःचे स्वयंपाकघर, स्वतःचा संडास मिळाला, याचा आनंद कोणालाही व्हावा. ती घरे त्यांच्या मालकीची झाली. गरीब नवागताला भाड्याने मिळू शकेल अशा सरकारी खोल्या मात्र शहरात तेवढ्या कमी झाल्या, आणि त्यांच्या जागी भाड्याच्या दुसऱ्या बांधण्याचा विषय त्या समारंभात निघण्याचे कारण नव्हते.

मधल्या काळात खोली शोधणाऱ्याने काही गोष्टी जाणून घेतल्या तर त्याचे थोडे नुकसान टळेल. लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी व नोंदलेला असला पाहिजे, आणि तो नोंदवण्याची जबाबदारी १९९९ च्या कायद्याने मालकावर टाकली आहे. करार नोंदलेला नसेल आणि अटींविषयी वाद उद्भवला, तर मालक उलट सिद्ध करीपर्यंत राहणाऱ्याचे म्हणणे खरे धरले जाते. ही तरतूद फार थोड्यांना ठाऊक आहे. अनामतीची रक्कम करारात लिहिली जावी आणि ती बँकेमार्फत द्यावी. रोख दिलेली अनामत परत मागताना तोंडे फिरतात. पण ज्याच्यापुढे दार उघडण्याआधीच "आडनाव काय?" असा प्रश्न टाकला जातो, आणि उत्तर ऐकून "खोली कालच दिली" असे सांगितले जाते, त्याच्या उपयोगी कोणते कलम पडणार? जात, धर्म, ताटात मासळी असते की नाही, नवरा नसलेली बाई एकटी राहणार काय, हे सारे मुंबईत भाडे ठरण्यापूर्वी ठरते.

आता त्या अकरा महिन्यांविषयी. एक वर्षाहून कमी मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणीची सक्ती नव्हती, म्हणून अकरा महिन्यांची प्रथा पडली. मुंबईत आता अकरा महिन्यांच्या करारालाही नोंदणी सक्तीची आहे; प्रथेचे कारण गेले, प्रथा राहिली. शाळेचे वर्ष मात्र बारा महिन्यांचे आहे. जूनच्या पहिल्या तारखेस घेतलेली खोली एप्रिलअखेर सोडावी लागते; त्यात सुटी असते, चालून जाते. दुसरी खोली मेमध्ये घेतली तर ती मार्चअखेर सुटते, वार्षिक परीक्षेच्या तोंडावर. तिसरी फेब्रुवारीअखेर आणि चौथी जानेवारीत. मुलाच्या वर्गशिक्षकाला कारण सांगावे लागत नाही. फेब्रुवारीत वडील किंवा आई दारात उभी राहिली की काय हवे ते त्याला कळते. तो शाळा सोडल्याच्या दाखल्याचे पुस्तक काढतो, आणि कारणाच्या रकान्यात 'स्थलांतर' असे लिहितो.